सेला पर्वताभोवतीचे वर्तुळ : डोलोमाइट्समधील संलग्न स्की-क्षेत्रे, लादीन समाज आणि बर्फाचा प्रश्न

प्रस्तावना

उत्तर इटलीतील आल्प्सच्या डोलोमाइट्स या भागात सेला नावाचा एक पर्वतसमूह आहे. पिझ बोए हे त्याचे सर्वोच्च शिखर ३,१५२ मीटर उंच आहे. हिवाळ्यात या पर्वताभोवती दररोज हजारो माणसे पायांना स्की बांधून फेरी घालतात. रज्जुमार्गाने वर चढायचे, स्कीवरून पलीकडच्या खोऱ्यात उतरायचे, तेथे दुसरा रज्जुमार्ग धरायचा आणि असे करीत करीत दुपारी पुन्हा सकाळच्याच गावी पोहोचायचे, असा हा क्रम असतो. रज्जुमार्गांसह एकूण अंतर सुमारे ४० किलोमीटर भरते. या फेरीस ‘सेलारोंदा’ म्हणतात. वाटेवर नारिंगी बाण घड्याळाच्या काट्यांप्रमाणे आणि हिरवे बाण उलट दिशेने नेतात. आपल्याकडील वाचकाला नारिंगी बाणांची फेरी प्रदक्षिणेसारखी आणि हिरव्या बाणांची अपसव्य वाटेल. तेथे मात्र दोन्हींना सारखाच मान आहे.

सेलारोंदा हा ज्या विस्तृत जाळ्याचा गाभा आहे त्याचे नाव ‘दोलोमिती सुपरस्की’. १९७४ साली स्थापन झालेल्या या संघात आज बारा स्की-क्षेत्रे, सुमारे १,२०० किलोमीटर लांबीचे उतारमार्ग आणि सुमारे ४५० रज्जुमार्ग असून या सर्वांसाठी एकच तिकीट चालते. अशा जाळ्यांविषयी लिहिताना ‘जोडलेली क्षेत्रे’ हा शब्द दोन भिन्न अर्थांनी वापरला जातो. एका अर्थाने क्षेत्रे उतारांनी व रज्जुमार्गांनी जोडलेली असतात, म्हणजे पायांतील स्की न काढता एकातून दुसऱ्यात जाता येते. दुसऱ्या अर्थाने ती केवळ तिकिटाने जोडलेली असतात. दोलोमिती सुपरस्कीच्या बारा क्षेत्रांपैकी सर्व क्षेत्रे पहिल्या अर्थाने संलग्न नाहीत. उदाहरणार्थ, दक्षिणेकडील सान मार्तिनो दि कास्त्रोत्सा येथून सेलापर्यंत स्कीवरून सलग जाणे शक्य नाही; तिकीट मात्र तेच आहे. प्रस्तुत लेखात हा तिकिटाचा दुवा अधिक मूलभूत कसा आहे, त्याने राजकीय सीमांनी विभागलेल्या एका लहान भाषिक समाजाच्या प्रदेशात काय साधले, आणि बर्फ दुर्मीळ होत असताना त्याच्या मर्यादा कोठे दिसतात, याचा विचार केला आहे.

भूरचनेचे साहाय्य

पर्वताभोवती वर्तुळाकार फेरी घालणे आल्प्समध्ये सर्वत्र शक्य नाही. बहुतेक ठिकाणी पर्वतरांगा लांबच लांब असतात आणि एका खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यात जाण्यासाठी उंच धार ओलांडावी लागते. डोलोमाइट्सची घडण वेगळी आहे. सुमारे २३ ते २४ कोटी वर्षांपूर्वी येथे उष्ण कटिबंधातील उथळ समुद्र होता. त्यात चुनखडीयुक्त मंच बेटांसारखे वाढत गेले आणि त्यांच्यामधील खोल भागांत चिखल व ज्वालामुखीजन्य पदार्थ साचत राहिले. पुढे हा सारा तळ उचलला गेला. मंचांचा कठीण खडक उभ्या कड्यांचे सुटे पर्वत होऊन उभा राहिला. मधला मऊ गाळ झिजून तेथे सौम्य उताराच्या खिंडी व गवताळ कुरणे तयार झाली. (या खडकाला डोलोमाइट हे नाव अठराव्या शतकातील फ्रेंच भूवैज्ञानिक देओदा द दोलोम्यू यांच्यावरून मिळाले.) म्हणजे आज ज्या कुरणांवरून माणसे स्कीवर घसरतात तो एका प्राचीन समुद्राचा मऊ तळ आहे, आणि ज्या कड्यांकडे ती मान वर करून पाहतात ती त्या समुद्रातील बेटे आहेत.

सेलाच्या चार बाजूंना चार खिंडी आहेत : गार्देना (२,१२१ मी.), काम्पोलोंगो (१,८७५ मी.), पोर्दोई (२,२३९ मी.) आणि सेला (सुमारे २,२०० मी.). त्यांच्यामधून चार खोरी चार दिशांना उतरतात. वायव्येस गार्देना, ईशान्येस बादिया, आग्नेयेस लिविनालोंगो आणि नैऋत्येस फास्सा. फेरीचा मार्ग या चारही खिंडींच्या परिसरातून जातो.

येथे आणखी एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. २००९ मध्ये युनेस्कोने डोलोमाइट्सचा जागतिक वारसा यादीत समावेश केला तो सलग प्रदेश म्हणून केलेला नाही; त्यात नऊ स्वतंत्र पर्वतसमूह आहेत. सेलाच्या उत्तरेकडील पुएझ-ओद्ले आणि दक्षिणेकडील मार्मोलादा हे दोन्ही समूह यादीत आहेत. मधला सेला मात्र नाही. रज्जुमार्गांचा नकाशा आणि वारसा-स्थळांचा नकाशा शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत.

चार खोरी, तीन प्रांत, एक भाषा

या चारही खोऱ्यांची मूळ भाषा लादीन. लॅटिनपासून निघालेल्या आणि आल्प्सच्या आडोशाला टिकून राहिलेल्या भाषांपैकी ही एक होय. पूर्वेकडील अम्पेत्सो, म्हणजे कोर्तिनाचा परिसर, हे लादीनचे पाचवे खोरे मानले जाते. सर्व मिळून भाषकांची संख्या सुमारे तीस हजार सांगितली जाते. पहिल्या महायुद्धापर्यंत ही पाचही खोरी ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होती. महायुद्धात आघाडी याच डोंगरांतून गेली. लिविनालोंगोच्या वरचा कोल दि लाना हा डोंगर इटालियन सैन्याने १७ एप्रिल १९१६ च्या रात्री सुरुंगाने उडवला. त्याच्या माथ्यावरची खोलगट जखम आजही दिसते.

१९१९ च्या साँ-झेरमँ तहाने हा प्रदेश इटलीकडे आला. ५ मे १९२० रोजी लादीन प्रतिनिधींनी गार्देना खिंडीत जमून आपला निळा-पांढरा-हिरवा ध्वज उभारला आणि स्वतंत्र समाज म्हणून मान्यता मागितली. मान्यता तर मिळाली नाहीच. उलट फॅसिस्ट राजवटीत खोऱ्यांची विभागणी झाली. १९२३ मध्ये अम्पेत्सो व लिविनालोंगो बेल्लुनो प्रांतास जोडले गेले, तर १९२७ मध्ये त्रेंतो प्रांताचे दोन भाग होऊन फास्सा त्रेंतोकडे आणि गार्देना व बादिया नव्या बोल्झानो प्रांताकडे गेले. दुसऱ्या महायुद्धानंतर, १४ जुलै १९४६ रोजी, मोठ्या संख्येने लादीन लोक सेला खिंडीत पुन्हा जमले आणि एकत्रीकरणाची मागणी केली. तीही फलद्रूप झाली नाही.

ही विभागणी केवळ नकाशावरची नाही. बोल्झानो व त्रेंतो हे स्वायत्त प्रांत आहेत. त्यांना कायदे करण्याचे व्यापक अधिकार असून प्रांतात गोळा होणाऱ्या करांचा बहुतांश भाग तेथेच राहतो. बेल्लुनो हा व्हेनेतो विभागातील सामान्य प्रांत आहे. बोल्झानोतील लादीन खोऱ्यांच्या शाळांत जर्मन व इटालियन या दोन्ही भाषांना समान तास असून त्यांच्या जोडीला लादीन शिकवली जाते. लिविनालोंगोतील मुलाला तशी व्यवस्था नाही, आणि त्याचे गाव काम्पोलोंगो खिंडीच्या अगदी पलीकडे आहे. सेलाभोवतीच्या चार खिंडींपैकी काम्पोलोंगो, पोर्दोई आणि सेला या तीन खिंडींत प्रांतांच्या सीमा आहेत. फेरी घालणारा माणूस एका दिवसात तीन प्रांतांतून जातो आणि बहुधा त्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

तिकिटाचा हिशोब

अशा विभागलेल्या प्रदेशात एकत्र तिकीट कसे अवतरले हा खरा कुतूहलाचा विषय आहे. फ्रान्समधील ‘त्र्वा व्हाले’, म्हणजे तीन खोरी, या जाळ्याशी तुलना केल्यास फरक स्पष्ट होतो. सुमारे ६०० किलोमीटर उतारमार्ग असलेले ते जाळे साव्हुआ या एकाच जिल्ह्यात आहे. तेथे कुर्शव्हेलची उभारणी १९४६ पासून जिल्हा परिषदेच्या पुढाकाराने झाली. लोराँ शापी आणि देनी प्रादेल या वास्तुकारांनी उन्हाळी कुरणांच्या जागी नवी वसाहतच आखली. १९६४ मध्ये ले मेन्युइर आणि १९७० च्या दशकाच्या आरंभी २,३०० मीटर उंचीवरील व्हाल तोरांस अशी आणखी केंद्रे उभी राहिली. तेथे अगोदर योजना आणि मग वस्ती. डोलोमाइट्समध्ये वस्ती शतकानुशतके होतीच. शेती, गुरे आणि गार्देनातील लाकडी कोरीवकाम यांवर जगणाऱ्या या गावांत दुसऱ्या महायुद्धानंतर स्थानिक कुटुंबांनी व गावकऱ्यांच्या लहान कंपन्यांनी आपापल्या डोंगरावर एकेक रज्जुमार्ग बसवला. १९७० ची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा गार्देना खोऱ्यात झाली आणि या वाढीला वेग आला. परिणामी १९७४ मध्ये जे एकत्र आले ते लहान मालकांचे मोहोळ होते. आजही संघात सुमारे १३० कंपन्या आहेत.

आता या लहान मालकांची अडचण लक्षात घ्यावी. प्रत्येक कंपनी स्वतःचे तिकीट विकते तेव्हा ज्याच्याकडे मोठे गाव व जास्त हॉटेले आहेत त्याचा गल्ला भरतो. दोन खोऱ्यांना जोडणारा, खिंडीतला, वस्तीपासून दूर असलेला रज्जुमार्ग मात्र तोट्यात जातो. कारण तेथे येणारा माणूस तिकीट आधीच दुसरीकडे घेऊन आलेला असतो. जाळे टिकते ते अशाच जोडमार्गांवर, आणि तेच बांधण्यात कोणा एकाचा फायदा नसतो. सामायिक तिकिटाने ही गाठ सोडवली. तिकीट कोणी विकले यापेक्षा प्रवासी कोणत्या रज्जुमार्गाने किती वेळा वर गेला याला महत्त्व देण्यात आले. प्रवेशद्वारी प्रत्येक फेरीची नोंद होते, सर्व नोंदी एका ठिकाणी जमा होतात आणि त्यांच्या आधारे उत्पन्न वाटले जाते.

परंतु केवळ फेऱ्या मोजणेही न्याय्य ठरत नाही. शंभर मीटर चढवणाऱ्या छोट्या रज्जुमार्गावर नवशिके दिवसभरात तीस वेळा बसतील. सातशे मीटर चढवणाऱ्या, उभारणीला कित्येक पट महाग असलेल्या मार्गावर कुशल माणूसही आठ-दहा वेळाच बसेल. म्हणून प्रत्येक मार्गाला त्याची लांबी, चढाईची उंची आणि प्रकार यांनुसार वजन द्यावे लागते. ही वजने ठरवणे हे वाटाघाटीचे काम आहे. अशा वाटाघाटी दरवर्षी पार पाडून अर्धशतक एकत्र राहणे ही साधी गोष्ट नव्हे. लोखंडी दोर कोणत्याही धनिकाला ओढता येतो. असा हिशोब मान्य होण्यासाठी एकमेकांच्या नोंदींवर विश्वास लागतो. शेजाऱ्याचा रज्जुमार्ग चांगला झाला तर आपलेही उत्पन्न वाढते, हे येथील मालकांना या हिशोबाने शिकवले असे म्हणता येईल.

गमतीची गोष्ट अशी की जे तिकिटाबाबत जमले ते लिपीबद्ध भाषेबाबत जमले नाही. खोऱ्याखोऱ्यांतील लादीन बोली परस्परांहून बऱ्याच भिन्न आहेत. सर्वांसाठी एकच लेखी लादीन असावी हा विचार मिकुरा दे रू यांनी १८३३ मध्येच मांडला होता. त्यांच्या नावाची संस्था १९७० च्या दशकात बादियात, आणि ‘मायोन दि फाशेन्य’ ही संस्था १९७५ मध्ये फास्सात स्थापन झाली. पुढे भाषातज्ज्ञांनी प्रमाण लादीनचे व्याकरण व शब्दकोश तयार केले. तथापि हे प्रमाणरूप सर्व खोऱ्यांनी स्वीकारले नाही आणि बोल्झानो प्रांतात गार्देना व बादिया यांची स्वतंत्र लेखनरूपेच प्रशासनात वापरली जातात. गावांच्या पाट्यांवर लादीन, जर्मन व इटालियन अशी तीन नावे दिसतात : गेर्देइना, ग्रोडन, गार्देना. प्रवाशाला यांतील एक नाव पुरते. पर्यटनाने या खोऱ्यांतील तरुणांना गाव सोडून जाण्याची गरज उरू दिली नाही आणि त्यामुळे भाषा बोलणारी माणसे जागेवर राहिली, हे मान्य करावे लागेल. बोल्झानो प्रांतात २०११ च्या जनगणनेत ४.५३ टक्के लोकांनी स्वतःला लादीन म्हणून नोंदवले. मात्र पाहुण्यांशी बोलण्याची भाषा लादीन नाही, आणि उपजीविका तर पाहुण्यांवर आहे.

बर्फ आणि पाणी

वर्तुळाकार जाळ्याचा एक गुण असा की ते त्याच्या भागांच्या बेरजेहून अधिक मोलाचे असते. दहा किलोमीटरचे चार सुटे तुकडे कोणी लांबून पाहायला येणार नाही. चाळीस किलोमीटरच्या सलग फेरीसाठी माणसे खंड ओलांडून येतात. याचीच दुसरी बाजू अशी की वर्तुळ त्याच्या सर्वांत दुबळ्या दुव्याइतकेच मजबूत असते. एका उतारावर बर्फ नसेल तर उरलेले तीन प्रांत बर्फाने भरलेले असूनही फेरी तुटते. वर्तुळावरील सेल्वा, कोर्वारा, अराब्बा ही गावे १,५५० ते १,६०० मीटरच्या आसपास आहेत, आणि खिंडींतील सर्वांत ठेंगणी काम्पोलोंगो १,८७५ मीटरवर आहे. जागतिक तापमानवाढीचा फटका नेमका याच उंचीला बसत आहे.

या संदर्भात बोल्झानो येथील ‘युराक’ संशोधन संस्थेच्या नेतृत्वाखाली झालेला आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास महत्त्वाचा आहे. आल्प्समधील सहा देशांच्या दोन हजारांहून अधिक केंद्रांवरील नोंदी त्यात एकत्र केल्या गेल्या. १९७१ ते २०१९ या काळात नोव्हेंबर ते मे या महिन्यांतील बर्फाची सरासरी जाडी दर दशकाला ८.४ टक्क्यांनी घटल्याचे त्यात दिसते. २०२३ च्या एका अभ्यासाने युरोपातील २८ देशांतील २,२३४ स्की-केंद्रे तपासली. तापमान औद्योगिक क्रांतीपूर्वीच्या तुलनेत २ अंशांनी वाढले तर, कृत्रिम बर्फाविना, त्यांपैकी ५३ टक्के केंद्रांना बर्फटंचाईचा अतितीव्र धोका संभवतो. निम्म्या उतारांवर कृत्रिम बर्फ टाकल्यास हे प्रमाण २७ टक्क्यांवर येते. वाढ ४ अंशांची झाल्यास मात्र कृत्रिम बर्फ असूनही ७१ टक्के केंद्रे धोक्यात राहतात.

डोलोमाइट्स आल्प्सच्या दक्षिण बाजूस असल्याने तेथे नैसर्गिक हिमवर्षाव मुळातच बेभरवशाचा असतो. १९८० च्या दशकाच्या अखेरीस बर्फाविना गेलेल्या हिवाळ्यांनंतर येथील मालकांनी कृत्रिम बर्फावर मोठी गुंतवणूक केली आणि आज जवळपास सर्व उतारमार्ग या सोयीखाली आहेत. कृत्रिम बर्फ म्हणजे रसायन नव्हे. दाबाखालील पाण्याचे सूक्ष्म थेंब थंड हवेत उडवायचे आणि जमिनीवर पडेपर्यंत ते गोठू द्यायचे, एवढेच त्याचे तत्त्व आहे. मात्र त्यासाठी नुसती थंडी पुरत नाही. हवा कोरडीही असावी लागते. तापमापकाच्या टोकाला ओले फडके गुंडाळल्यावर जे तापमान दिसते ते उणे दोन-तीन अंशांखाली गेले तरच हे यंत्र उपयोगी पडते. हवा अगदी कोरडी असेल तर शून्याच्या किंचित वरही बर्फ बनू शकतो. दमट असेल तर उणे एक अंशालाही बनत नाही. म्हणून हंगामाच्या आरंभी थंड, कोरड्या रात्री मिळताच सर्व यंत्रे एकाच वेळी सुरू केली जातात.

एकाच वेळी, म्हणून पाणीही एकाच वेळी लागते. साधा हिशोब करून पाहता येईल. एक हेक्टर उतारावर ३० सेंटिमीटर जाडीचा थर म्हणजे ३,००० घनमीटर बर्फ. कृत्रिम बर्फाचा एक घनमीटर सुमारे ४०० ते ५०० किलो भरतो (ताजा नैसर्गिक बर्फ शंभर किलोच्या आसपास). तेव्हा हेक्टरमागे १,२०० ते १,५०० घनमीटर पाणी लागणार. हे पाणी ओढ्यांना सर्वांत कमी प्रवाह असतो त्या ऋतूत हवे असते, म्हणून उतारांशेजारी तलाव खोदून ते आधीच साठवले जाते. वसंतात ते वितळून बरेचसे परत खोऱ्यात जाते हे खरे, पण काही भाग वाऱ्यावर व बाष्पीभवनात नाहीसा होतो, आणि कुरणांवर घातलेल्या तलावांची जागा परत मिळत नाही. पर्यटनाचे समर्थक पहिल्या अर्ध्या वाक्यावर थांबतात आणि विरोधक दुसऱ्यावर. दोन्ही अर्धी वाक्ये खरी आहेत.

याच ठिकाणी तिकिटाच्या हिशोबाची मर्यादा उघड होते. तिकिटाचे उत्पन्न वाटता येते. पाण्यावरील हक्क मात्र ज्या त्या प्रांताचा. तलाव कोठे खोदावा, ओढ्यातून किती पाणी उचलावे, याची परवानगी बोल्झानोत, त्रेंतोत आणि व्हेनेतोत वेगवेगळ्या कार्यालयांकडे मागावी लागते. अराब्बाच्या उतारावर बर्फ असणे सेल्वातील हॉटेलवाल्याच्या हिताचे आहे, तरी त्या उताराच्या पाण्याविषयी त्याला काही बोलण्याचा अधिकार नाही. प्रश्न केवळ हिवाळ्याचा नाही. २०१७ च्या जुलै-ऑगस्टमध्ये सेला खिंड आठवड्यातून एक दिवस, बुधवारी, दिवसाचे काही तास मोटारींना बंद ठेवण्याचा प्रयोग झाला, तेव्हा खिंडीच्या दोन्ही बाजूंच्या दोन प्रांतांना एकत्र यावे लागले आणि खिंडीतील व्यावसायिकांचा विरोधही पत्करावा लागला. मार्मोलादाच्या हिमनदीचा तुकडा ३ जुलै २०२२ रोजी कोसळून अकरा जणांचा मृत्यू झाला. तो डोंगरही दोन प्रांतांच्या सीमेवर आहे.

ऑक्टोबर २००७ मध्ये कोर्तिना, लिविनालोंगो आणि कोल्ले सांता लुचिया या बेल्लुनो प्रांतातील तीन लादीन ग्रामसंस्थांनी बोल्झानो प्रांताला जोडून घेण्याच्या बाजूने सार्वमतात मोठा कौल दिला. त्यामागे भाषेचे ममत्व किती आणि स्वायत्त प्रांताच्या तिजोरीचे आकर्षण किती, यावर तेव्हा बराच वाद झाला. असा बदल करण्यासाठी रोमच्या संसदेचा कायदा लागतो; तो झालेला नाही. अराब्बा हे लिविनालोंगोचेच गाव. कोर्वाराहून नारिंगी बाणांनी येणारा स्कीपटू आजही काम्पोलोंगोला प्रांताची सीमा ओलांडून तेथे उतरतो, तिकिटातील चकती प्रवेशद्वाराशी नेतो आणि पोर्दोईच्या दिशेने वर चढतो. दुपारी साडेतीनच्या सुमारास शेवटची खिंड ओलांडलेली बरी, अशी सूचना त्याला मिळालेली असते. उशीर झाल्यास मुक्कामाच्या खोऱ्यात परतायला टॅक्सी करावी लागते, आणि तिचे भाडे सामायिक तिकिटात धरलेले नसते.